नकाराचा अर्धा सेकंद

मामाची बोटं एकामागून एक संपावर गेली आणि शेवटी उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं कामावर उरलं. 'संपावर' हा शब्द मामाचाच. तेव्हा त्याचा आवाज पुरता गेला नव्हता. जीभ जड झाली होती, थट्टा मात्र हलकी होती. "टिंबू, बाकीच्यांनी मागण्या पुढे केल्यात," तो भाचीला म्हणाला होता. "हे एकटंच घरंदाज निघालं." पुढच्या महिन्यात आवाजही गेला. आजार स्नायूंचा होता. डोकं लख्ख ठेवून बाकीचं एकेक दार लावून घेणारा. डॉक्टर फार बोलणारे नव्हते. हे बोट अजून दहा आठवडे चालेल, फार तर अकरा, एवढं सांगून ते पुढच्या रोग्याकडे वळले.

भाचीला टिंबू म्हणणारा मामा एकटाच. ती चार वर्षांची असताना तिने त्याच्या स्वरांच्या वहीत, पाच रेघांच्या मध्ये, मनाला येतील तशी टिंबं काढून ठेवली होती. रागवायचं सोडून मामाने ती टिंबं जशीच्या तशी गाऊन दाखवली. चाल भयंकर होती. पण गाणारा इतक्या भक्तीने गायला, की पोरगी जन्मभरासाठी कामाला लागली. आता ती चाळिशीला टेकली होती आणि संगीत लिहायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत होती. तिचं काम एकच. चाल रचणाऱ्याच्या डोक्यात जे वाजतंय, ते पडद्यावरच्या रेघांवर लवकरात लवकर कसं उतरेल, याच्या युक्त्या शोधायच्या. एकेक स्वर निवडायचा, त्याची लांबी निवडायची, तो जागेवर ठेवायचा. यात इतका वेळ जातो की चालीचं शेपूट हातातून निसटतं. म्हणून तिच्या खात्यात सगळं मिनिटावर मोजत. मिनिटाला किती स्वर.

मोजायला एक स्वतंत्र माणूस होता. कुणाचा हात किती वेळात हलला, बटण किती वेळ दाबलं गेलं, याची तो नोंद ठेवी. सगळे त्याला सेकंदराव म्हणत, आणि तोही स्वतःला तेच म्हणू लागला होता.

मामा चाळीस वर्षं प्रार्थनागृहात सुट्टीच्या सकाळी गाऊन आख्यान सांगायचा. जे त्याला ऐकून आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. तरी थोडं सांगायला हवं. तो उभा राहायचा तो शेजाऱ्यासारखा. आधी दोन वाक्यं घरच्या गप्पांची. मग एखादी कोपरखळी, पहिल्या रांगेतल्या घोरणाऱ्याला. लोक हसायला लागले, की त्या हसण्याच्या अंगानेच तो सुरात शिरायचा, आणि हसणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत त्याचे डोळे भरलेले असायचे. देवाची गोष्ट सांगायची तर आधी माणसाचे बूट कुठे चावतात ते ठाऊक हवं, असं तो म्हणायचा. आख्यानं त्याची स्वतःची. शब्द आधी, चाल मागून. एकूण एक्केचाळीस वह्या भरल्या होत्या.

बेचाळिसावी रिकामी होती. तिचे शब्द आवाज जायच्या आधीच लिहून झाले होते, आणि चाल मामाच्या डोक्यात पुरी बांधून तयार होती. गोष्ट विहिरीच्या राखणदाराची. दुष्काळातला हा राखणदार जो येईल त्याला पाणी देतो, चोराला देतो, वैऱ्याला देतो. आणि एका दुपारी थकून, वैतागून, एका धुळीने माखलेल्या वाटसरूला 'नाही' म्हणतो. तो वाटसरू देव असतो. तो काही न बोलता वळतो, आणि राखणदार त्याच्यामागे हाक मारत धावतो. सगळं आख्यान त्या हाकेसाठी होतं. मामीला मामाने तेव्हा सांगितलं होतं, "बाकी माझ्या जुन्याच चालींची नातवंडं आहेत. ही हाक मात्र मला पहिल्यांदा ऐकू आली. ती उतरली की मी मोकळा."

ती उतरवायची होती. एका बोटाने.

टिंबूने हिशोब मांडला. आख्यानाची घरं तीनशे बारा. रेघांमधल्या एकेका कप्प्याला मामा घर म्हणायचा आणि आता तीही तसंच म्हणे. स्वर दोन हजारांच्या आसपास. बोटाखाली एक बटण. पडद्यावर सा, रे, ग करत उजेड सरकणार, हवा तो स्वर आला की मामाने दाबायचं. असा एक स्वर बसायला दोन मिनिटं लागत, आणि मामा दिवसात चाळीस मिनिटंच काम करू शकत होता. म्हणजे दिवसाला वीस स्वर. म्हणजे शंभर दिवस. बोट होतं सत्तर दिवसांचं.

"तीस दिवस कमी पडतात," ती ऑफिसात सेकंदरावला म्हणाली.

"तीसच? मागे आपण त्या छपाईवाल्यांचे नव्वद दिवस वाचवले होते."

"त्यांना दहा बोटं होती रे."

तो आपल्या जागेवरून उठला. मग खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला, आणि त्यानंतर तीन आठवडे जवळजवळ तिथेच बसून राहिला.

त्यांनी आधी स्वरांची लांबी मामाच्या माथ्यावरून काढून टाकली. शब्द तयार होतेच, त्यांच्या अक्षरांवरून लांबी यंत्राने ठरवावी. मग टिंबूला ती युक्ती सुचली. मामाच्या एक्केचाळीस वह्या तिने पानापानाने यंत्राला वाचायला दिल्या. कुठल्या शब्दावर मामा चढतो, कुठे रेंगाळतो, ओळ संपताना कसा खाली येतो, हे सगळं यंत्र शिकलं. आता ते एकेक स्वर विचारणार नव्हतं. एक अख्खं घर भरून समोर ठेवणार होतं: हे असं का? मामाने टिचकी मारली की घर पक्कं, पुढचं घर हजर. आणि घर पटलं नाही तर?

हे ठरवायला तिने मामालाच विचारलं. मामी अक्षरांचा तक्ता घेऊन बसली, एकेका रांगेवर बोट फिरवू लागली, आणि मामा पापणी मिटून अक्षर पकडू लागला. बऱ्याच वेळाने वाक्य तयार झालं: रिकामं सोडून पुढे जाईन.

"हे त्यांचं नेहमीचंच," मामी म्हणाली. "वहीतसुद्धा असंच. अडलं की घर रिकामं सोडायचं, पुढचं सगळं लिहायचं, आणि मग शेवटी चहा पिऊन परत यायचं. मी विचारायची, ही भोकं कसली पडलीत हो? तर म्हणायचे, ती भोकं नाहीत, पाहुण्यांच्या खोल्या आहेत."

तसंच ठरलं. टिचकी म्हणजे हो. बटण दाबून धरलं म्हणजे नको. घर रिकामं राहील आणि पुढचं समोर येईल. सोपी घरं भरभर उरकायची, आणि बोटात जी ताकद उरेल ती शेवटी, रिकाम्या घरांत एकेक स्वर बसवायला वापरायची. राखणदाराची हाक तर रिकामीच राहणार, हे मामाला पक्कं माहीत होतं. जे वह्यांत नव्हतंच ते यंत्र कुठून आणणार?

किती वेळ धरलं म्हणजे 'दाबून धरलं' म्हणायचं, हे सेकंदरावने ठरवलं. त्याने ऑफिसातल्या बावीस जणांची बोटं मोजली. काहींची साधी टिचकीसुद्धा आळशी असते, लांबते. ती चुकून नकार ठरू नये. "अर्धा सेकंद ठेव," तो म्हणाला. "अर्ध्याच्या आत हो, अर्ध्याच्या पुढे नाही. निर्धोक."

अजून वेळ वाचवायला त्यांनी दोन गोष्टी केल्या. दर घरानंतर ते वाजवून दाखवायचं, ते बंद केलं. त्यात चार सेकंद जात. आणि दाबल्याबरोबर झालेलं घर पडद्यावरून डावीकडे निघून जाई, म्हणजे मामाची नजर मागे अडकून पडणार नाही.

पहिल्या दिवशी टिंबू जवळ बसली. खोलीत खाट, खिडकीला फिकट पडदा, बोटाखाली उशीवर बसवलेलं बटण, छातीच्या उंचीवर यंत्राचा पडदा. पहिलं घर आलं. मामाने बघितलं. टिचकी. दुसरं. टिचकी. पाचव्याला बोट दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं. घर रिकामं होऊन सरकलं. चाळीस मिनिटांत सतरा घरं झाली. मामी दारातून म्हणाली, "अगं, हे तर धावायला लागले." टिंबू बाथरूममध्ये जाऊन रडून आली. देवाचे आभार मानायची तिला फारशी सवय नव्हती, म्हणून तिने मोघमच मानले.

तिला रोज बसता येत नव्हतं. ऑफिसातून ती नोंदी बघायची. पहिल्या आठवड्यात रिकामी घरं नऊ. दुसऱ्या आठवड्यात एकही नाही. तिसऱ्यात नाही. आलेख तिने काढून बघितला: वेग वर वर जाणारा, नकार खाली येऊन जमिनीला टेकलेला. यंत्र मामाला शिकत होतं. दर स्वीकारलेल्या घरातून अजून थोडं शिकत होतं, आणि आता त्याची निवड चुकतच नव्हती. दुसरं काय कारण असणार?

मोठ्या बाई, म्हणजे तिच्या वरिष्ठ, खुर्चीमागे उभ्या राहून तो आलेख बघत राहिल्या. "नकार शून्य," त्या म्हणाल्या. "मी बावीस वर्षं या धंद्यात आहे. शून्य मी पाहिलेला नाही."

"मामा माझा आहे," टिंबू म्हणाली. तिला अभिमान लपवता येईना.

"मग मामाला आमच्याकडे नोकरीला पाठव," असं म्हणून बाई हसल्या, आणि हा आलेख पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर मांडायचा असं सांगून गेल्या.

बोट मंदावत होतं, हे मामीने फोनवर सांगितलं होतं. दाबतात पण उचलून घेतात लगेच, म्हणाली. टिंबू म्हणाली, टिचकीच तर हवीय मामी, टिचकीला ताकद लागत नाही.

डॉक्टरांच्या मुदतीच्या सहाव्या आठवड्यात, एका दुपारी, तीनशे बारावं घर झालं. त्या दिवशी टिंबू मुद्दाम हजर होती, आणि येताना भोंग्याला घेऊन आली होती. भोंगा हा मामाचा सगळ्यात जुना शिष्य. आवाज इतका मोठा की मामाने त्याला प्रार्थनागृहात कायम दाराशी उभं केलं होतं. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि टिंबूने पडदा त्याच्याकडे वळवला.

"मामा, ऐकायचं?" ती म्हणाली. "पहिल्यापासून. नऊ घरं राहिलीत, ती नंतर बसवू. आधी ऐक तरी."

मामाने पापणी मिटली. हो.

भोंग्याने आवाज आवरून धरला आणि सुरुवात केली. चाल गोड होती. वळणं ओळखीची होती, जुन्या सकाळींची होती. कुठे मामा चढेल असं वाटावं तिथेच ती चढत होती. मामी पदराने डोळे टिपायला लागली. रिकाम्या नऊ घरांपाशी भोंगा नुसता हूं करून पुढे जायचा. विहीर आली, दुष्काळ आला, चोर आणि वैरी येऊन पाणी पिऊन गेले, वाटसरू आला आणि वळला. मग दोनशे सत्त्याऐंशीवं घर आलं, राखणदाराची हाक, आणि भोंग्याने ती मोकळ्या गळ्याने मारली. वर, अजून वर, आणि मग मामाच्या त्या प्रसिद्ध उतरणीने अलगद खाली. खोलीतली खिडकीची काच थरथरली.

मामाच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चेहरा हलत नव्हता, तो आता हलतच नसे. पण पाणी थांबेना, उशी भिजली.

"बघा," भोंगा संपवून म्हणाला. "गुरुजींनी शेवटी आपलंच सगळं एकत्र आणलं. हाक तर अशी, की मी न बघता गायली असती."

टिंबूच्या मनात आलं, न बघता कशी? ही हाक तर मामाला पहिल्यांदाच ऐकू आली होती. ती खुर्चीत हलली.

मामी तेवढ्यात म्हणाली, "थांबा. हे तक्त्याकडे बघतायत."

तिने तक्ता धरला. तिचं बोट रांगांवरून फिरू लागलं. एवढं हळू काम जगात दुसरं नसेल, आणि त्या दिवशी तर मामाची पापणी पाण्याने चिकटत होती, मामी मध्येमध्ये पुसत होती. रि. का. मी. मग घ. भोंगा चष्मा पुसत उभा. टिंबूला वाक्य संपायच्या आधीच कळलं होतं, पण ती ते संपायची वाट बघत बसली, जशी माणसं बघतात.

रिकामी घरं कुठे गेली.

"नऊ आहेत ना मामा," ती म्हणाली. "ही बघ. नऊच्या नऊ आहेत."

तक्ता पुन्हा फिरला. नऊ नाही. खूप.

तिने खाटेवरच लॅपटॉप उघडला. यंत्र प्रत्येक दाबणं लिहून ठेवत होतं. कधी, कुठल्या घराला, किती वेळ. सेकंदरावचीच शिस्त ती. तिने आजवर हो आणि नाहीचे आकडे बघितले होते, दाबण्याची लांबी बघितली नव्हती. कशाला बघेल? आता बघितली. दोन ढीग पडले होते, इतके वेगळे की लहान मुलानेही निवडून दाखवले असते. एक ढीग सेकंदाच्या दहाव्या भागाचा: त्या टिचक्या. दुसरा ढीग त्याच्या तिप्पट-चौपट लांब, पण अर्ध्या सेकंदाच्या आत. दुसऱ्या आठवड्यापासून मामाच्या बोटाला अर्धा सेकंद पेलत नव्हता. तो जीव एकवटून दाबून धरायचा, बोट वर यायचं, यंत्र ते 'हो' म्हणून लिहून घ्यायचं, आणि घर लगेच नजरेआड सरकायचं. मामा निश्चिंत पुढच्या घराकडे वळायचा. मागे त्याची पाहुण्यांची खोली रिकामी आहे, या भरवशावर.

दुसऱ्या ढिगात एकशे एकतीस नकार होते.

आणि दर नकारानंतर यंत्र शिकत गेलं होतं, की हे मामाला आवडलं.

"काय झालंय?" मामी म्हणाली.

टिंबूने सांगितलं. सांगताना ती मामाकडे बघू शकली नाही, मामीकडेच बघून बोलली. मामीला आकडे कळले नाहीत, पण झालं काय ते कळलं. तिने तक्ता मांडीवर उपडा ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे हे रोज नाही म्हणत होते. आणि आपण रोज शाबास म्हणत होतो."

भोंगा खाली बसला.

त्या रात्रीच तिने अर्ध्या सेकंदाचा पाव केला. ते एका ओळीचं काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण बोटाखाली ठेवलं. बोट त्याच्यावर पडून राहिलं. मामाने प्रयत्न केला असावा. मनगटाची शीर फुगलेली दिसली. बटण खाली गेलं नाही. तिने त्याहून हलकं बटण आणलं, मग नुसत्या स्पर्शाचं. तिसऱ्या दिवशी बोटही संपात सामील झालं. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीला चार आठवडे बाकी होते. बुबुळाच्या हालचालीने चालणारं यंत्र तिने ऑफिसातून उचलून आणलं. मामाची उजवी पापणी अर्ध्यावर लोंबत होती, डाव्या डोळ्याला सतत पाणी. कॅमेऱ्याला नजर सापडेना. उरली फक्त पापणीची उघडमीट, तीही दिवसात थोडा वेळ.

ऑफिसात तिने मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं, दार लावलं. मग म्हणाल्या, "पण मला एक सांग. चाल चांगली झालीय ना?"

"खूप चांगली."

"ऐकणाऱ्याला फरक कळेल?"

"नाही कळणार."

"मग..." असं म्हणून बाई थांबल्या, आणि थांबल्या याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. "आलेख मी काढून टाकते," त्या म्हणाल्या. "शून्याचा."

सेकंदराव जिन्यात उभा होता. त्याने खिशातलं ते जुनं बटणाचं घड्याळ काढून हातात फिरवायला घेतलं होतं. "अर्धा मी सांगितला होता," तो म्हणाला.

"मी मानला होता."

"बावीस जण मोजले मी. तुझ्या मामांना मोजायला तेवढा घरी गेलो नाही. गाडीने वीस मिनिटांचा रस्ता."

तिला त्याची समजूत घालता आली असती. चांगले शब्दही होते तोंडाशी. पण ते उच्चारायचं त्राण नव्हतं तिच्यात, आणि दोघं तशीच जिन्यात उभी राहिली, येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात राहिले.

भोंग्याला आख्यान पुढच्या सुट्टीच्या सकाळी सांगायचं होतं; प्रार्थनागृहात तसं कळवूनही झालं होतं. तो घरी येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला. "मी एक विचारतो, रागावू नका. यंत्र शिकलं ते गुरुजींकडूनच ना? मग ते त्यांचंच नाही का? मी तरी काय, तसाच शिकलो."

"तू चुकलास की हे तुला थांबवायचे," मामी म्हणाली. "दाराशी उभं करायचे."

भोंगा गेला आणि सकाळ पुढे ढकलली असं सांगून आला.

मग टिंबूने मामाला विचारलं, की डोक्यात अजून आहे का. तक्त्यावर उत्तर आलं: आहे. कुठून सुरू करू? हाक.

दोनशे सत्त्याऐंशीवं घर. तिने यंत्राने भरलेले आठही स्वर पुसले. पडदा बाजूला केला, वही घेतली, पेन घेतलं, आणि खाटेच्या काठावर बसून गाऊन विचारू लागली. सा? पापणी उघडीच. रे? उघडी. ग? वर जायचं असेल म्हणून म? प? मामाने काहीच केलं नाही. मग ती पहिल्या 'सा'पासून खाली उतरली. नी? उघडी. ध?

पापणी मिटली.

हाक खालून सुरू होत होती. ज्याला हाक मारायची तो दूर चाललाय, आणि राखणदार ओरडत नाहीये. खाली, पोटातून, स्वतःलाच ऐकू जाईल अशी. तिने तो ध वहीत उतरवला. यंत्र हे शंभर वर्षांत देऊ शकलं नसतं. तीही नसती देऊ शकली.

दुसरा स्वर त्याहून खाली होता. तो सापडायला दुसऱ्या दिवसाची सगळी ताकद गेली. तिसरा, तिसऱ्या दिवशी, पुन्हा तोच. तीन दिवसांत तीन स्वर.

चौथ्या सकाळी तिच्या मनात आलं, की सात स्वर एकापाठोपाठ कशाला विचारायचे? अर्ध्यात वाटून विचारावेत. वरचे की खालचे? मग त्यातले वरचे की खालचे? तीन प्रश्नांत स्वर सापडतो. तिने वहीच्या समासात तसं मांडायलाही घेतलं, रेघा ओढल्या, आणि मान वर केली तर मामा तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तिने तो समास हाताने झाकला आणि पुन्हा गाऊन विचारू लागली, एकेक.

ते तीन स्वर आधी गायचे, मग चौथा. सा घेऊन. उघडी. रे घेऊन. उघडी. ग, म, प. ती घाई करत नव्हती. प्रत्येकानंतर ती थांबायची, मामी भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता पापणीकडे बघत बसायची. ध. उघडी. नी. उघडी. खालच्या सप्तकातले सातही. उघडी. वरचेही विचारून झाले. कुठल्याच स्वराला हो नव्हतं.

"मामा, इथे थांबायचं का?" तिने विचारलं. "चौथी जागा मोकळी?"

काही नाही.

"विसरलास? विसरला असलास तरी चालेल रे."

काही नाही. डोळे उघडे होते, खिडकीकडे होते.

"दमलास का?"

मामीने हात लांब करून मामाच्या कपाळावर ठेवला. "राहू दे आता," ती म्हणाली. "उद्या बघू."

उद्या पापणी हलली नाही. परवाही नाही. डोळे उघडे असत, बुबुळं ओली असत, आणि आत तो जागा आहे हे तिघांनाही माहीत होतं. टिंबू रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी यायची, खाटेच्या काठावर बसायची, वही उघडायची आणि ते तीन स्वर गायची. मग चौथ्यापाशी एकेक करून विचारायची, सा, रे, ग, प्रत्येकानंतर पूर्ण थांबून. सगळे विचारून झाले, की वही मिटायची, मामाची उशी उलटी करून गार बाजू वर घ्यायची, आणि मामीला सांगायची, "येते."